टपाला भोक न पाडता

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन्स मिळून दोन वर्षं झाली तरी गाडीत माझ्याकडे फक्त हातातला सेट होता. पाच वॅटचा, वीतभर रबरी अँटेनाचा. गाडीबाहेर उभं राहून बोललं की डोंगरावरचा रिपीटर, म्हणजे आपला आवाज उचलून पुढे जोरात पाठवणारा सेट, लगेच उघडायचा. सीटवर बसून काच वर केली की समोरच्याला माझं अर्धंच वाक्य ऐकू जायचं. गाडी म्हणजे चहूबाजूंनी पत्र्याची पेटी, लहरींना बाहेर पडायला फक्त खिडक्या. त्यात ती रबरी अँटेना. २ मीटर बँडवर, म्हणजे १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास, तरंगलांबी दोन मीटरहून थोडी जास्त असते. तिच्या पाव लांबीची अँटेना जवळपास अर्धा मीटर व्हायला हवी. वीतभर नळीत गुंडाळून बसवलेली तार सोबत न्यायला सोयीची, पण बरीचशी शक्ती तिच्यातच जिरते.

आमच्या गटाच्या आपत्ती-सरावात फिरत्या गाडीतून संदेश पोचवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी ५० वॅटचा गाडीत बसवायचा सेट घेतला. सेट कुठे बसवायचा, बॅटरीपासून वायर कशी आणायची, हे एका दुपारी ठरलं. अँटेना कशावर उभी करायची, म्हणजे माउंट कोणतं लावायचं, हे ठरायला मात्र आठ महिने गेले.

गाडी माझी आणि दादाची मिळून आहे. त्याने एकच अट घातली. "काय हवं ते बसव, पण गाडीला भोक पाडायचं नाही." अट रास्त होती. गाडी अजून वॉरंटीत होती, पुढेमागे विकायचीही होती. शिवाय टपाच्या आत काय काय असतं ते मी स्वतः पाहिलं होतं: आडव्या पट्ट्या, दिव्याच्या वायरी आणि दोन्ही कडांना घडी करून ठेवलेल्या पडदा-एअरबॅग. तिथे अंदाजाने ड्रिल चालवायची माझीही तयारी नव्हती.

"आणि टपावर अँटेना आहेच की," दादा म्हणाला. "त्यालाच जोड ना."

त्याला सांगावं लागलं की ती कारखान्यातून आलेली माशाच्या पंखासारखी अँटेना फक्त ऐकण्यासाठी असते. तिच्या बुडाशी क्षीण सिग्नल वाढवणारा इवलासा ॲम्प्लिफायर असतो. त्यात ५० वॅट सोडले तर तो पहिल्याच हाकेला जळेल, आणि तिची लांबीही आमच्या बँडसाठी नसते.

आमच्या नेटवर, म्हणजे ठरल्या वेळी रेडिओवर जमणाऱ्या मंडळींत, एक जुने काका आहेत, सत्तरी ओलांडलेले. मी त्यांना विचारलं, "काका, भोक न पाडता कोणतं माउंट चांगलं?" त्यांनी उलट मलाच विचारलं, "कोॲक्सची जाळी पत्र्याला कशी भेटणार आहे, ते आधी सांग." कोॲक्स म्हणजे सेटपासून अँटेनापर्यंत जाणारी केबल: मध्ये तार, तिच्याभोवती प्लॅस्टिक आणि त्यावर तारांची विणलेली जाळी. पुढच्या आठ महिन्यांत प्रत्येक माउंटसमोर मला हाच प्रश्न आठवत राहिला.

त्यामागचं कारण असं. पाव तरंगलांबीची अँटेना ही खरं तर अर्धीच अँटेना असते. मार्कोनीने १८९५ साली एक टोक जमिनीत आणि दुसरं उंच हवेत ठेवून पल्ला वाढवला, तेच तत्त्व इथे आहे. वर उभी काडी हा एक अर्धा भाग, आणि खालचा पत्रा हा दुसरा. पत्रा आरशासारखं काम करतो, काडीचं जणू प्रतिबिंब खाली उभं राहतं. काडीत जेवढा प्रवाह जातो तेवढाच पत्र्यातून परत यावा लागतो, आणि तो कोॲक्सच्या बाहेरच्या जाळीतून येतो. म्हणून टपाच्या मधोमध १९ मिलिमीटरचं भोक पाडून बसवलेलं माउंट सगळ्यांत उत्तम मानतात. जाळी थेट उघड्या पत्र्याला घट्ट, आणि चारी दिशांना सारखा पत्रा. भोक नको म्हटलं की या दोन्ही गोष्टी दुसऱ्या वाटेने मिळवाव्या लागतात, आणि दोन्ही पूर्ण मिळत नाहीत.

सगळ्यात आधी मी फ्रिजवरचं चुंबक घेऊन गाडीभोवती एक फेरी मारली. हे पाच मिनिटांचं काम प्रत्येकाने खरेदीआधी करावं. टप पोलादी निघाला, मागचं दारही पोलादी, पण त्याच्या वरच्या कडेचा पंखा, म्हणजे स्पॉयलर, प्लॅस्टिकचा. बॉनेटला चुंबक चिकटलं, पुढच्या मडगार्डांनाही चिकटलं. दोन्ही बंपर अर्थातच प्लॅस्टिक. काही गाड्यांत बॉनेट ॲल्युमिनियमचं असतं, काहींत मडगार्डसुद्धा प्लॅस्टिकचं, तर काहींचा निम्मा टप काचेचा. तसं असेल तर निम्मे पर्याय तिथेच गळतात.

सुरुवात चुंबकी माउंटने केली, बहुतेक जण करतात तशीच. टपाच्या मधोमध ठेवलं, केबल मागच्या दाराच्या रबरातून आत घेतली, दहा मिनिटांत रिपीटरवर होते. अँटेना तपासायच्या ॲनालायझरवर एसडब्ल्यूआर १.३ दिसला. हा आकडा १ च्या जितका जवळ, तितकी कमी शक्ती अँटेनाकडून परत येते. मला आधी नवल वाटलं, कारण चुंबकाखाली रबरी आवरण आणि त्याखाली गाडीचा रंग. जाळी पत्र्याला कुठेच टेकत नव्हती. मग वही काढून हिशोब केला. ९ सेंटिमीटर व्यासाची तबकडी आणि पत्रा यांच्यामध्ये रंग आणि रबर मिळून अर्धा मिलिमीटर थर धरला, तर त्या दोघांचा मिळून साधारण ३०० ते ३५० पिकोफॅरडचा कपॅसिटर होतो. १४५ मेगाहर्ट्झला त्याचा अडथळा जेमतेम तीन-चार ओहम, म्हणजे जवळपास थेट जोडणीच. तोच कपॅसिटर ७ मेगाहर्ट्झला पासष्ट-पंच्याहत्तर ओहम दाखवतो. एकच चुंबक व्हीएचएफवर (१४५ मेगाहर्ट्झसारख्या जास्त वारंवारितेला) छान चालतं आणि एचएफवर (७ मेगाहर्ट्झसारख्या कमी वारंवारितेला) रडवतं, त्याचं कारण हेच. काकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं: जाळी पत्र्याला न टेकताही भेटते, पण वारंवारिता पुरेशी जास्त असेल तरच.

कामगिरीच्या बाबतीत या माउंटने मला कधीच निराश केलं नाही. पुढे जे जे बसवलं ते मी टपाच्या मध्यावरच्या या चुंबकाशीच ताडून पाहिलं, आणि त्याला पूर्ण मागे टाकणारं काही सापडलं नाही. कुणाला महिन्यातून दोनदाच रेडिओ लावायचा असेल, तर मी आजही चुंबकच सांगेन.

माझी गाडी रोज रस्त्यावर असते, आणि तिथे गोष्टी बदलल्या. पहिली गोष्ट धूळ. चुंबक ठेवताना मी दरवेळी टप पुसत असे, तरी वाऱ्याने तबकडी किंचित थरथरते आणि कडेखाली बारीक कण शिरतात. सहा आठवड्यांनी चुंबक उचललं तर टपावर पुसट पांढरं कडं उमटलं होतं, चंद्राला खळं पडतं तसं. दादाने ते कडं बोटाने चोळून पाहिलं आणि काही न बोलता आत गेला. मला त्याचं वाईट वाटलं, कारण मी त्याला दिलेला शब्द तांत्रिक अर्थानेच पाळला होता. रबिंग कंपाउंड लावून कडं बरंचसं गेलं.

दुसरी गोष्ट पाणी. केबल टपावरून उतरते ती दाराच्या रबराखालून आत जाते, आणि पावसाचं पाणी तिच्याच अंगाने चालत येतं. एका रात्रीच्या पावसानंतर मागच्या सीटच्या पायाशी गालिचा ओला झाला होता. दाराबाहेर केबलला खाली लोंबता वळसा ठेवला की पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून पडतं. तो ठेवल्यावर गळती थांबली, पण दार लावताना तो वळसा दरवेळी सांभाळायचा.

तिसरी गोष्ट वेग. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५० किलोमीटरला जेवढा, त्याच्या चौपट १०० ला. अर्ध्या मीटरच्या काडीला माझं चुंबक पुरत होतं. सव्वा मीटरची, तरंगलांबीच्या पाच-अष्टमांश लांबीची काडी लावून पाहिली, तेव्हा मागून येणाऱ्या मित्राने फोन करून थांबवलं. तबकडीची पुढची कड उचलली जात होती. ती सुटून मागच्या दुचाकीवर पडली असती तर काय झालं असतं, या विचाराने मी लांब अँटेना त्याच दिवशी काढून ठेवली.

काचेवर चिकटवायच्या माउंटचा विचार मी फार काळ केला नाही. त्यात काचेच्या बाहेर एक पट्टी, आत दुसरी, आणि काच मधला थर. कल्पना छान आहे. पण माझ्या मागच्या काचेत धुकं घालवणाऱ्या तारांची जाळी आहे, आणि पुढच्या काचेला उष्णता अडवणारा धातूचा थर. दोन्ही लहरींना आडवे येतात. शिवाय या माउंटला पत्रा भेटतच नाही. टपावरच्या दांड्यांना आवळायचा क्लॅम्पही बाद झाला, कारण माझ्या गाडीला दांड्याच नाहीत. ज्यांच्या गाडीला आहेत त्यांनीही मल्टिमीटर लावून दांडी आणि गाडीचा सांगाडा यांच्यात जोडणी आहे का पाहावं. कित्येकदा दांडी रबरी गादीवर बसवलेली असते आणि विजेच्या दृष्टीने अधांतरी राहते.

मग आलं लिप माउंट. दाराच्या किंवा डिकीच्या कडेला चिमट्यासारखं बसणारं. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि सगळ्यात जास्त शिकले.

मागच्या दाराची वरची कड प्लॅस्टिकच्या पंख्याने अडवलेली, म्हणून माउंट दाराच्या डाव्या कडेला बसवलं. बाहेरून रबरी पट्टी, आतून चार बारीक ग्रब स्क्रू, आणि सोबत आलेली ॲलन की. स्क्रू बेताने आवळले, अँटेना लावली, ॲनालायझर जोडला. एसडब्ल्यूआर ३.२. म्हणजे पाठवलेल्या शक्तीपैकी पाव भागाहून जास्त परत. अशा वेळी सेट स्वतःला वाचवायला शक्ती आपोआप कमी करतो, आणि आपण ५० वॅटच्या भरवशावर बोलत राहतो.

मी आधी अँटेनाची लांबी कमी-जास्त करत बसले. त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली, फरक शून्य. रात्री काकांचा प्रश्न आठवला आणि मल्टिमीटर काढला. एक टोक माउंटला, दुसरं दाराच्या कुलपाच्या उघड्या पोलादाला. काटा हललाच नाही. जाळी पत्र्याला भेटलेलीच नव्हती. मी स्क्रू इतके हळुवार आवळले होते की ते रंगावरच टेकून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी उजेडात दाराखाली वाकून बसले आणि एक स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत राहिले. आधी टोकाभोवती रंगाची बारीक पापुद्री उचलली गेली. मग तिच्याखालचा राखाडी प्रायमर दिसला, तो खडूसारखा चुरा होऊन बोटावर आला. आणखी अर्धा फेरा, आणि पाना एकदम जड झाला. त्याच क्षणी मल्टिमीटरने शीळ घातली. ०.२ ओहम. चारही स्क्रू तसेच केले, मग प्रत्येकाभोवती व्हॅसलिन चोपडलं, म्हणजे पाणी आणि हवा उघड्या पोलादापर्यंत जाऊ नये. अँटेनाला हातही न लावता एसडब्ल्यूआर १.६ वर आला.

दादाला मी ते चार ठिपके दाखवले. टाचणीच्या डोक्याएवढे, दाराच्या आतल्या बाजूला, गाडी उभी असताना न दिसणारे. तो म्हणाला, "हे चालेल. पण गंज धरला तर तू बघायचं." मी तारीख घालून ठेवली, दर तीन महिन्यांनी बघायची.

तरीही खराब रस्त्यावर माझ्या आवाजात खरखर येते असं लोक सांगू लागले. गाडी उभी असली की नाही, चालली की आहे. याचा उलगडा काकांनी केला. माउंट दाराला जोडलंय, पण दार गाडीला कशाने जोडलंय? दोन बिजागऱ्यांनी, आणि बिजागरीत ग्रीस, पिनेवर रंग. म्हणजे माझा 'पत्रा' फक्त मागचं दार होतं, आणि ते खड्ड्यागणिक उरलेल्या गाडीशी जोडलं जात होतं, तुटत होतं. मी दार आणि सांगाडा यांच्यामध्ये तांब्याची चपटी विणलेली पट्टी टाकली, बिजागरीच्या मूळ बोल्टांखाली, दात असलेल्या वॉशरसकट. पट्टी जितकी आखूड आणि रुंद तितकी बरी. एवढ्या वारंवारितेला लांब गोल वायर जोडणी न राहता कॉइल होऊन बसते. खरखर त्या दिवशी संपली.

हे माउंट मी पाच महिने वापरलं. ते सोडायला लागलं ते केबलमुळे. लिप माउंटची सुरुवातीची मीटरभर केबल बारीक असते, दार बंद होताना रबराखाली दबावी म्हणून. दार दिवसातून दहादा उघडायचं, दहादा बंद व्हायचं. हळूहळू एसडब्ल्यूआर सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा दिसू लागला. शेवटी केबल काढली आणि दबलेल्या जागी ब्लेडने लांबीत चिरली. आतलं पांढरं पॉलिइथिलीन एका बाजूला सरकून चपटं झालं होतं, आणि मधली तांब्याची तार जाळीपासून केसभर अंतरावर येऊन थांबली होती. आणखी महिनाभर गेला असता तर शॉर्ट झालं असतं, आणि बहुधा नेमकं सरावाच्या मधोमध.

केबलवरून आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती फसवते. डिकीपासून पुढच्या सेटपर्यंत पाच मीटर लागले. आरजी-५८ केबल १४५ मेगाहर्ट्झला एवढ्या लांबीत साधारण एक डेसिबल खाते, म्हणजे ५० वॅटपैकी दहा केबलमध्येच जातात. त्याहून बारीक केबल आणखी खाते, आणि वर मीटर आणखी छान दाखवते. अँटेनाजवळ ३ असलेला एसडब्ल्यूआर दोन डेसिबल खाणाऱ्या केबलच्या दुसऱ्या टोकाला २ च्या खाली दिसतो. परत येणारी शक्ती वाटेतच जिरते, आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. नुसत्या चांगल्या आकड्यावर म्हणून मी आता विश्वास ठेवत नाही. दूरच्या माणसाला ऐकू किती येतंय, ते विचारते.

एका रविवारी तेल बघायला बॉनेट उघडलं होतं, तेव्हा नजर मडगार्डच्या आतल्या कडेवर गेली. तिथे बोल्टांची ओळ होती. कारखान्याने पाडलेली भोकं, कारखान्याने लावलेले ६ मिलिमीटरचे बोल्ट. मला नवीन भोकाची गरजच नव्हती, गाडीत हवी तिथे ती आधीपासून होती. बोल्टाखाली एक पट्टी धरायची, ती बॉनेट आणि मडगार्डच्या फटीतून वर काढायची, आणि तिच्या टोकावर अँटेना. असे तयार ब्रॅकेट मिळतातही. मी ३ मिलिमीटर जाडीच्या स्टेनलेसच्या पट्टीचा करून घेतला.

करून घ्यायच्या आधी फट मोजणं गरजेचं होतं, कारण बॉनेट बंद करताना ते नेमकं कुठे कसं बसतं ते वरून दिसत नाही. मुलं खेळतात ती रंगीत चिकणमाती घेतली, तिच्या पाच गोळ्या प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून कडेने ठेवल्या आणि बॉनेट हळूच दाबून बंद केलं. उघडून प्रत्येक गोळी कॅलिपरने मोजली. काचेकडच्या टोकाला ५ मिलिमीटर, मध्ये ४, दिव्याकडे जेमतेम ३. पट्टीवर रबरी टेप धरून मला ४ हवे होते. म्हणून काचेकडचे शेवटचे दोन बोल्ट निवडले.

बोल्ट सोडताना एका वेळी एकच सोडला, नाहीतर मडगार्ड मिलिमीटरभर सरकतं आणि दाराशी त्याची रेघ जुळत नाही. बोल्टाखालचा रंग नाण्याएवढ्या जागेत पॉलिश पेपरने घासून काढला, दाताचा वॉशर घातला, पट्टीच्या जाडीएवढे लांब नवे बोल्ट लावले आणि उघड्या कडेवर टच-अपचा रंग फिरवला. मल्टिमीटर: ०.१ ओहम. इथला पत्रा बिजागरीवर लोंबत नाही, सांगाड्यालाच घट्ट आहे. काकांना फोन करून आकडा सांगितला तेव्हा ते म्हणाले, "आता बोललीस."

केबलही इथे सोपी झाली. कोणतंही दार तिला दाबत नाही. बॉनेटच्या कडेच्या नाळीतून ती मागे जाते आणि इंजिन व केबिनमधल्या पडद्यावर वायरींचा जुडगा ज्या रबरी बुचातून आत शिरतो त्याच बुचातून आत. बुचाला वायरींपासून दूर विणायच्या सुईने वाट केली. जाड कनेक्टर त्यातून जात नाही, म्हणून केबल आधी ओढून कनेक्टर नंतर लावला. वरून सिलिकॉन भरताना व्हिनेगरचा वास येणारं घेऊ नका, त्यातलं आम्ल तांबं खातं. एक्झॉस्टपासून केबल हातभर लांब ठेवली, कारण साध्या कोॲक्सचं आतलं पॉलिइथिलीन ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मधली तार सरकू लागते. ती सरकलेली तार मी एकदा पाहिली होती. सगळी मिळून अडीच मीटर केबल लागली, म्हणजे आधीच्या निम्मी.

मात्र जागा बदलली तशी अँटेनाही बदलावी लागली, हे मला वेळेवर सुचलं नाही. पहिल्या दिवशी जुनी अर्ध्या मीटरची काडीच लावली आणि ऐकणाऱ्यांनी सांगितलं, चुंबकापेक्षा आवाज पडलाय. पाव तरंगलांबीच्या काडीत सगळ्यात जास्त प्रवाह बुडाशी असतो, आणि जिथे प्रवाह जास्त तिथून लहरी जास्त निघतात. टपावर बूड सगळ्यात उंच असतं, म्हणून तिथे ती शोभते. मडगार्डवर बूड जमिनीपासून ९५ सेंटिमीटरवर आणि टप दीड मीटरवर, म्हणजे काडीचा कामाचा भाग केबिनच्या आड. अर्ध्या तरंगलांबीच्या अँटेनात, जी या बँडवर मीटरभर असते, सगळ्यात जास्त प्रवाह मध्यावर असतो. मडगार्डवर तिचा मध्य जवळपास टपाच्या उंचीवर येतो आणि वरचा निम्मा भाग टपाच्या वर. शिवाय ती पत्र्यावर कमी अवलंबून असते. कमी म्हणते, अजिबात नाही असं नाही. बुडाशी जोडणी कच्ची असेल तर प्रवाह कोॲक्सच्या जाळीच्या बाहेरून केबिनमध्ये शिरतो. ती लावल्यावर आकडा १.४ आणि ऐकणाऱ्यांचा निरोप, "आज कुठून बोलतेयस? चांगली येतेयस."

एका मोकळ्या मैदानात गाडी सावकाश गोल फिरवून, दर ४५ अंशांना मित्राकडून सिग्नलचा आकडा लिहून घेतला. चुंबकाने सगळीकडे सारखा दिला होता. मडगार्डवरच्या अँटेनाचा सिग्नल तिरप्या रेषेत गाडीवरून पलीकडच्या मागच्या कोपऱ्याकडे सगळ्यात जोरात जातो, कारण तिकडे पत्रा जास्त. तिच्या स्वतःच्या कोपऱ्याच्या दिशेला तो सेटच्या सिग्नल-मीटरवर एक-दीड घर कमी पडतो. दूरचा रिपीटर नेमका त्या बाजूला असला तर थांबून गाडी वळवते.

अँटेना चालकाच्या बाजूला ठेवली नाही, नजरेच्या आड येते म्हणून. ती पुढच्या काचेच्या जवळ आहे, आणि टपावरच्या अँटेनाखाली जसा पत्रा आडवा असतो तसा इथे नाही, त्यामुळे लहरी आत बसलेल्यापर्यंत थेट पोचतात. शेजारी कुणी बसलं असेल तर मी शक्ती १० वॅटवर आणते. रिपीटरला तेवढी जवळपास नेहमीच पुरते.

गेल्या सरावात डोंगरातल्या वळणांच्या रस्त्यावर दीड तास संदेश दिले, एकही परत विचारावा लागला नाही. दादा गाडी चालवत होता. परतल्यावर त्याने बॉनेट उघडलं, ब्रॅकेट हाताने हलवून पाहिला आणि विचारलं, "हे काढलं तर खाली काय दिसेल?" मी एक बोल्ट सोडून पट्टी सरकवून दाखवली. नाण्याएवढी रंगवलेली जागा, बस. आता माझ्या मनात आहे ते बॉनेट. तेही बिजागऱ्यांवरच आहे, आणि अँटेनाच्या अगदी शेजारी. पुढच्या रविवारी तिथे एक विणलेली पट्टी टाकणार आहे, आणि मग तेच मैदान, तोच मित्र, तेच ४५ अंश. तो कमी पडणारा कोपरा भरतो का बघू.